आमच्या घरची गाळ

शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातातून लाल पेन सुटत नाही. मी तर लग्नपत्रिकाही तपासतो. गावातल्या एका पत्रिकेत मी सात चुका काढल्या आणि ती नवरदेवाच्या वडिलांना नेऊन दाखवली. तेव्हापासून त्या घरून आम्हाला जेवायचं बोलावणं येतं, पत्रिका येत नाही. बायको म्हणते, "तुमी रिटायर झाले, मंग तुमचा पेन काऊन नाई झाला?"

असा माणूस घरात असताना आमच्या सुनेनं बारावी करायचं ठरवलं, यावरून तिच्या हिमतीचा अंदाज यावा.

ती गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होती. मुलांना घरोघरून गोळा करून आणायचं, झाडलोट करायची, खिचडी शिजवायची, ताटं धुवायची. गाणी आणि गोष्टी शिकवायचं काम सेविकाबाईंचं. सात वर्षं ती खिचडी ढवळता ढवळता ती गाणी ऐकत होती आणि मनातल्या मनात त्यांना चाली लावत होती. सेविकाबाई पुढच्या मे महिन्याअखेर निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी पास असली तर ती जागा तिला मिळण्यासारखी होती. नसली तर बाहेरून कोणी येणार आणि हिच्या हातात पुन्हा पळी. आमची सून दहावी झालेली. अकरावीत नाव घातलं आणि लगेच लग्न ठरलं, म्हणजे आमच्याच घरात आली. त्यात माझाही दोष होताच, पण तेव्हा तो मला दिसला नव्हता.

एके दिवशी मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती म्हणाली, "मामाजी, मले सतरा नंबरचा फारम भरून द्या. बाहेरून बारावी करायची आहे मले."

"मले नाही, मला," मी म्हणालो.

"बोलताना चालते न, मामाजी."

"चालत नाही," मी म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला मेहकरची एसटी धरली.

या 'मले'शी माझं जुनं वैर आहे. तरुणपणी मी बी.एड. करायला पुण्याला गेलो. पहिल्याच पाठात मुलांसमोर "मले असं वाटते" म्हणालो आणि मागे बसलेल्या माझ्याच सोबत्यांत हशा पिकला. त्या दिवशी मी तो शब्द टाकून दिला. घरी परतल्यावर आईशीसुद्धा 'मला, तुला' करत बोललो. आईला ते आवडायचं नाही. "घरात पाव्हना आल्यावानी वाटते," असं ती म्हणायची. मी मात्र त्याला माझी कमाई समजत होतो.

अभ्यासावरही माझं एक भाषण तयार होतं. पहाटे उठा, एकाच जागी बसा, पाठ ताठ ठेवा, टेबलावर पुस्तकाशिवाय काही नको. दरवर्षी जूनमध्ये नववीच्या वर्गाला मी ते ऐकवायचो आणि मुलं मान डोलवायची. सुनेसाठी मी चार रंगांत वेळापत्रक केलं, पुढच्या खोलीत टेबल लावून दिलं, वर बल्ब बदलला. पहाटे पाचला ती टेबलाशी बसायची आणि सव्वापाचला तिचं कपाळ वहीला टेकायचं. आठव्या दिवशी ती आली आणि खाली मान घालून म्हणाली, "मामाजी, बसलं का मले झोपच येते. उभ्यानं होते माहा अभ्यास."

मला राग आला. एवढी वर्षं शिकवलं ते काय गवत उपटायला? मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. ती मात्र तिच्या पद्धतीनं लागली. पिठाच्या डब्यावर खडूनं इंग्रजी शब्द लिहिले. मोरीवरच्या भिंतीला इतिहासाचं पान चिकटलं, भांडी घासेपर्यंत ते वाचून व्हायचं. मोबाईलमध्ये तिनं धडे स्वतःच्याच आवाजात भरून घेतले आणि वावरात सांभार तोडताना ते ऐकू लागली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. तोही शब्द मी पूर्वी खोडायचो. माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, भाजी घेऊन लोणारच्या बाजाराला जायच्या आधी तिच्याकडून एक धडा ऐकून जाई. त्याला त्यातलं काही कळत नसे, पण कुठे अडखळली ते तो बरोबर सांगायचा.

अंगणवाडीतही खिचडी शिजेपर्यंत ती पोरांना राज्यशास्त्र सांगायची. दोन गडी आहेत, मारामारी करत नाहीत, पण एकमेकांशी बोलतही नाहीत, याला शीतयुद्ध म्हणतात. चार वर्षांच्या एका मुलीनं हे घरी जाऊन आपल्या दोन चुलत्यांना लावून दाखवलं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्यांचं बोलणं बंद होतं. त्यातला धाकटा माझ्याकडे विचारायला आला, "सर, हे शीतयुद्ध काय असते? पोरगी म्हनते आमच्या घरी आहे." मी त्याला समजावून सांगितलं आणि तो गेल्यावर एकटाच हसत बसलो. त्या दिवशी मी तिच्याशी पुन्हा बोलायला लागलो.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावीच लागली. तिचं एक पान रोज होतं. रोज म्हणजे रोज. भावाच्या मुलाच्या बारशाला माहेरी गेली तरी वही सोबत. एवढ्या वर्षांत मला हुशार मुलं पुष्कळ भेटली, पण रोजचं एक पान करणारी हातांच्या बोटांवर मोजावीत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्याकडच्या तोंडाला ळ झेपत नाही. शाळेला आम्ही शाया म्हणतो, डोळ्याला डोया, केळीला केयी. मुलं बोलतात तसंच लिहितात आणि पेपरात गुण जातात. यावर मी एक सोपा नियम काढला होता आणि वर्षानुवर्षं शिकवला होता. तोंडात 'य' आला की हात थांबवायचा आणि तिथे 'ळ' लिहायचा. सुनेलाही तोच सांगितला. तिनं तो डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला.

दिवाळीनंतर, हात मोकळा व्हावा म्हणून, मी तिला सोपा निबंध घातला. आमच्या घरची गाय. संध्याकाळी तिनं वही आणून दिली. मी चष्मा लावला, पेन उघडलं आणि वाचू लागलो.

'आमच्या घरी एक काळी गाळ आहे. तिला चार पाळ आहेत. ती दूध देते व दुधावर जाड साळ जमते. गाळ हा माझा आवडता विषळ आहे.'

मी हसलो. चांगला खो खो हसलो आणि ते मोठ्यानं बायकोला वाचून दाखवलं. बायको शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "मंग यात चुकलं काय? गाय तं गायच न."

तिचं खरं होतं. आमच्या तोंडात दोन्ही शब्द एकच. उन्हाळ्यात तलावातून काढून वावरात टाकतो तोही गाय आणि दावणीला बांधतो तीही गाय. 'तो' आणि 'ती' एवढाच काय तो फरक.

सून मात्र दारातच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मामाजी, तुमीच तं सांगतलं होतं, 'य' आला का 'ळ' लिवायचा म्हनून. मी एकबी सोडला नाई."

माझं हसू तिथल्या तिथे थांबलं. तिनं चूक केली नव्हती. तिनं माझा नियम पाळला होता, माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं पाळला नसेल इतका. चूक नियमात होती.

मग मला एक जुनी वही आठवली. नववीतली एक मुलगी. तिनंही 'गाळ' लिहिलं होतं आणि मी तो निबंध सगळ्या वर्गाला वाचून दाखवला होता. वर्ग पोट धरून हसला. ती मुलगी वर्षभर पुन्हा हात वर करून बोलली नाही. मी तिला अबोल समजत होतो. प्रगतिपुस्तकावरही तसंच लिहिलं. पुण्यातला तो मागचा बाक जन्मभर माझ्या डोक्यात राहिला होता आणि तरी मी स्वतः तोच बाक झालो होतो. त्या संध्याकाळी मला स्वतःची लाज वाटली.

सकाळी मी तिला बोलावलं आणि सरळ म्हणालो, "चूक माझी आहे. नियम मीच अर्धा सांगितला. पण पुरा नियम मला येत नाही. कुठला 'य' खरा आणि कुठला 'ळ'चा, ते मला पाठ आहे म्हणून कळतं. तुला कसं सांगू, ते मला ठाऊक नाही."

ती म्हणाली, "मी पाह्यतो मामाजी काय करता येते ते." आमच्याकडे बायकाही 'मी पाह्यतो' म्हणतात. त्या दिवशी मी ते खोडलं नाही.

चारेक दिवसांनी तिनं वही आणली. गाय, पाय, साय, न्याय, उपाय सगळे जागेवर. शाळा, डोळा, वेळ, फळा, तेही जागेवर. मी दोनदा तपासलं. विचारलं, "कसं केलंस?"

तिनं आधी तोंडाला पदर लावला. मग सांगितलं. तिची माहेरची वहिनी जालन्याकडची. तिकडे ळ स्वच्छ बोलतात. या नणंद-भावजयींचं फार पटत नाही आणि वहिनीचा आवाज मोठा. "मंग मी आठोतो," सून म्हणाली, "वहिनी भांडनात हा शब्द कसा म्हनते. 'डोळे वटारू नका' म्हनते, तं तिथं ळ. 'माझ्या घरात पाय ठेवू नका' म्हनते, तं पायात य. जे भांडनात आठोत नाई, ते फोन करून इचारतो."

"फोन करून?"

"हाव. रोज पाच शब्द. आता चांगली बोलते ते माह्यासंगं."

एवढी वर्षं शुद्धलेखन शिकवलं, पण शब्द कोणाच्या तोंडून आठवायचा असतो हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आणि ज्या बाईशी पटत नाही तिलाच जाऊन विचारायचं, एवढा मोठेपणा माझ्यात तरी नव्हता. मला आठवडाभर अबोला धरता येत होता, एवढंच.

त्यानंतर मी तिला शिकवणं सोडलं आणि तिच्यासोबत अभ्यासाला बसू लागलो. म्हणजे ती उभी आणि मी बसलेला. ती चुका स्वतःच काढायची आणि डब्यावर खडूनं रेघा मारायची. मी न पाहिलेल्या चुकाही ती मला दाखवायची. रेघा कमी झाल्या की डबा पुसून पुन्हा सुरुवात. एकदा तिच्या सासूनं दळणाच्या गडबडीत डबा पुसला, तर हिनं आठवून तेवढ्याच रेघा परत मारल्या. एक कमी मारली असती तर कोणाला कळणार होतं?

फेब्रुवारीत परीक्षा. हरभरा काढणीला आलेला, घरात माणूस अपुरा. तरी मी तिला केंद्रावर घेऊन जायचो आणि बाहेर कडुलिंबाखाली बसायचो. मराठीचा पेपर देऊन ती बाहेर आली तेव्हा मी काही विचारलं नाही. एसटीत बसल्यावर तीच म्हणाली, "समुदाय शब्दावर अडकली होती मामाजी. वहिनी कधीच समुदाय म्हनत नाई."

"मग?"

"मंग तुमी आठोले. लग्नात गर्दी पाह्यली का तुमी म्हनता न, 'केवढा हा जनसमुदाय'. तिथं य आहे."

मला फार बरं वाटलं, हे आता लिहायला हरकत नाही.

निकाल मे महिन्यात लागला. सेविकाबाईंचे शेवटचे दिवस सुरू होते. दुपारी मुलानं मोबाईलवर निकाल पाहिला आणि अंगणवाडीत फोन लावायला निघाला. मी त्याला थांबवलं. मोबाईल खिशात घातला, टोपी घातली आणि उन्हात स्वतः निघालो. वाटेत दोघांनी विचारलं, सर कुठं? मी थांबलो नाही. कसं सांगायचं ते मनात नीट जुळवत होतो. 'अभिनंदन, तू उत्तीर्ण झालीस.' असंच काहीतरी, शुद्ध आणि प्रसंगाला शोभेल असं.

अंगणवाडीत ती चुलीपाशी होती, हातात पळी. पोरं ताटं वाजवत होती. तिनं मला दारात पाहिलं आणि पळी तशीच थांबली. माझं जुळवलेलं वाक्य कुठं गेलं कोण जाणे.

"पास झाली व बाई तू," मी म्हणालो. "साऱ्या विषयात. मले मालूम होतं. मले पयल्यापासून मालूम होतं."

तिनं पळी पातेल्यात ठेवली. डोळे भरून आले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"मामाजी," ती म्हणाली, "मले नाही, मला."

"बोलताना चालते," मी म्हणालो.