बालरथाच्या टपावरचा टपोबा

सगुणने बावीस वर्षे खनिजाचे ट्रक चालवले. डिचोलीच्या खाणींवर माल भरायचा, नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा आणि पुन्हा वर जायचे. तांबड्या धुळीने त्याच्या भुवयासुद्धा तांबड्या झाल्या होत्या. त्याची बायको राणी म्हणायची, या माणसाला नीट घासून धुतला तर आतून निराळाच कोणीतरी निघेल आणि मग मी त्याला ओळखायचे कसे. खाणी बंद पडल्या तेव्हा सगुण चाळिशी ओलांडून गेला होता. काही वर्षे त्याने याचे-त्याचे टेम्पो हाकले आणि शेवटी एका मराठी शाळेच्या बालरथावर, म्हणजे मुलांना ने-आण करणाऱ्या पिवळ्या बसवर, त्याची वर्णी लागली. त्याच्या गावातले, नार्व्यातले लोक म्हणाले, बरे झाले, हलके काम आहे.

हलके काम म्हणजे काय ते सगुणला पहिल्या आठवड्यातच कळले. खनिज कधी जनेलातून, म्हणजे खिडकीतून, हात बाहेर काढत नाही.

रस्ता अरुंद, वळणावळणाचा. दोन्ही बाजूंना कुंपणे, आणि कुंपणांवर जास्वंदी अगदी बसच्या अंगाशी आलेल्या. मुले फुले ओरबाडत, पाने तोडत, नाहीतर नुसतेच वाऱ्यात हात पोहवत बसत. बसमध्ये सव्वीस मुले. सगुणला आरशात मुले दिसेनाशी झाली. नुसते हातच दिसत. तो ओरडायचा. पण ओरडून घ्यायची मुलांना घरी आणि शाळेत चांगली सवय झालेली होती. हात आत जात, पुढच्या वळणाला परत बाहेर येत. बसवर मदतनीस म्हणून शेवंता होती. खानापूरकडची, लग्न होऊन इकडे आलेली, तोंडाने फटकळ. तीही थकली.

"अण्णा," ती म्हणाली, "मी ह्या टोकाचे हात आत घालते तोवर त्या टोकाचे बाहेर. मला देवानं दोनच दिलेत, ह्यांचे बावन्न आहेत."

ऑगस्टातल्या एका सकाळी वळणावर समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक आला. पहिलीतल्या गौरेशचा हात कोपरापर्यंत बाहेर होता. ट्रक गेला. हात आणि ट्रक यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली असेल. गौरेशने हात आत घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि तो शाबूत आहे म्हणून खुशीत हसला.

सगुणने बस कडेला घेतली. सीटवरून उठून तो मुलांसमोर येऊन उभा राहिला. सांगायचे तर बरेच होते. बावीस वर्षांत रस्त्यावर काय काय पाहिले ते सगळे घशाशी आले, पण तोंडातून एक शब्द निघेना. शेवटी निघाले ते भलतेच.

"वर टपावर टपोबा बसलेला आसा," तो म्हणाला.

हे नाव कुठून आले ते त्याचे त्यालाही कळले नाही. सगुणने जन्मात गोष्ट रचली नव्हती. रजासुद्धा तो खरे कारण सांगून घ्यायचा.

"कोण टपोबा?" ऋतिकाने विचारले. ती चौथीत होती आणि बसमधल्या मुलांची पुढारी होती.

"आसा एक. त्याला हात नाहीत. म्हणून कोणाचा हात भायर दिसला की त्याला मोह होतो."

"मग तो काय करतो?"

हात तोडतो, असे म्हणायला सगुणची जीभ रेटेना. "चाटतो," तो म्हणाला. "थंडगार जीभ आसा त्याची. आणि चाटलेला हात दोन दिवस चिकट राहतो."

सगळे हात आत गेले. काही तर खिशात गेले. त्या दिवशी सगुणने शाळेपर्यंत एकदाही आरशात पाहिले नाही.

पण गोष्ट एकदा सांगितली की मुले तिथेच थांबत नाहीत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रश्न सुरू झाले. टपोबा पावसात भिजतो का. सुटीत कुठे जातो. त्याला हात नाहीत तर तो नाक कसे खाजवतो. सगुण गाडी चालवता चालवता घामाघूम व्हायचा. घरी जेवताना त्याने गंभीरपणे राणीला विचारले, "टपोबा खात काय असेल गो?"

"कोण?"

सगुणने सांगितले. राणीने कढीचे भांडे खाली ठेवले आणि थोडा वेळ नवऱ्याकडे पाहिले. "पातळभाजी आणि पाव," ती म्हणाली. "बिनहाताचा आहे ना, मग भाजी जरा घट्टच असू दे."

हे उत्तर सगुणने सकाळी मुलांना दिले आणि तिथे घोटाळा झाला. टपोबा भाजी खातो म्हटल्यावर मुलांनी त्याला भाजी द्यायला सुरुवात केली. शाळेच्या फाटकाशी उतरले की डबे उघडायचे आणि नको असलेली भाजी नेम धरून टपावर फेकायची. तेंडली गेली, मुळा गेला, दुधी तर रोज जाऊ लागला. पंधरवड्यात गावातल्या कावळ्यांना बसची वेळ पाठ झाली. बालरथ वळणावर दिसला की फाटकावर रांग लावून बसत. मुले म्हणत, हे टपोबाचे पाहुणे. शेवंता रोज खराटा घेऊन मागच्या शिडीने वर चढायची आणि खाली उतरून सगुणला ऐकवायची. "ह्या वयात मला बसवर चढवलंत, अण्णा. माझ्या सासूनं पण एवढं केलं नव्हतं."

ऋतिकाची आई सुप्रिया औषधांच्या कारखान्यात तपासनीस होती. ज्याला पुरावा नाही ते तिच्या घरात चालत नसे. डबा रोज रिकामा येतो म्हणून ती आधी खूश झाली. मग एकदा मुलीने सहज सांगितले की आई, तुझी दुध्याची भाजी टपोबालाही आवडत नाही, कावळेच खातात. सुप्रियाने त्याच दिवशी शाळेला पत्र लिहिले, आणि शनिवारी मुख्याध्यापिका पद्मावतीबाईंनी पालकांना बोलावले. सगुणला दाराजवळच्या खुर्चीवर बसवले.

"मुलांना खोटे सांगून शिस्त लावायची का, एवढाच माझा प्रश्न आहे," सुप्रिया म्हणाली. "हात बाहेर काढला तर अपघात होतो. हे खरे आहे आणि पुरेसे आहे."

"बाय, पुरेसे नाही ते," गौरेशचा बाप अनिल म्हणाला. त्याचे बाजारात भुसारी दुकान होते. "मी पोराला दोन वर्षे खरेच सांगत होतो. टपोबाने एका दिवसात काम केले. आता तर तो घरच्या जनेलातूनही हात काढत नाही. पाववाला पोदेर दारात आला की आतून पळी बाहेर करतो आणि पळीवर पाव घेतो."

हे सांगताना अनिलला अभिमान वाटत होता. पण सगळे एकमेकांकडे पाहू लागले तेव्हा तोही जरा विचारात पडला.

मागच्या बाकावर मधुकर आजोबा होते. नातीच्या वतीने ते प्रत्येक सभेला येत. "आमच्या लहानपणी प्रत्येक चिंचेवर कोण ना कोण बसलेला असायचा," ते म्हणाले. "आमचे काय बिघडले?"

"आजोबा, तुम्ही अजून त्या चिंचेखालून जात नाही," सुप्रिया म्हणाली.

"तिथला रस्ता वाईट आसा," आजोबा म्हणाले.

तासभर असेच चालले. शेवटी पद्मावतीबाईंनी निकाल दिला की ज्याने टपोबा आणला त्यानेच तो न्यावा. सगुणने सोमवारी मुलांना खरे काय ते सांगावे. सगुणने मान हलवली. त्याला इतकी लाज वाटत होती की रविवारी तो घराबाहेर पडला नाही. पाटावर बसून तो तोंडातल्या तोंडात भाषण पाठ करत राहिला.

सोमवारी त्याने फणसाखाली बस थांबवली आणि तो मुलांसमोर उभा राहिला.

"टपोबा नाही," तो म्हणाला. "कधी नव्हताच. मी खोटे सांगितले. खरी गोष्ट अशी की समोरून गाडी आली तर हात जाईल. म्हणून हात आत ठेवायचे. टपोबा नसला तरी ठेवायचे."

मुलांनी एकमेकांकडे पाहिले.

"काका, हे तुम्हाला कोणी बोलायला सांगितले?" ऋतिकाने हळूच विचारले.

"हेडबाईंनी."

"हां," ऋतिका म्हणाली, आणि मागच्या सगळ्यांनी माना हलवल्या.

"आसा तो, काका," दुसरी एक मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका."

सगुणने मुलांना खाली उतरवले आणि शिडी चढून टप दाखवला. रिकामा टप, वर दोन वाळलेली तेंडली. मुले म्हणाली, तुम्ही वर गेलात की तो खाली डिझेलच्या टाकीपाशी जातो. सगुण खाली उतरला. एवढे खरे तो आयुष्यात एकदम कधी बोलला नव्हता, आणि एकानेही त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

"बसा आता," शेवंता त्याला म्हणाली. "तुमच्यानं आणताही येत नाही, घालवताही येत नाही."

गुरुवारी सुप्रिया मुलीच्या आधीच थांब्यावर आली. रात्रभर अभ्यास करून आल्यासारखा चेहरा होता.

"सगुणबाब, थोडे बोलायचे होते," ती म्हणाली. "काल मी ऋतिकाला समोर बसवून विचारले. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होते, टपोबा नाही म्हणून. सगळ्यांनाच माहीत आहे. गौरेश सोडून."

सगुणला काही उमजेना. "मग सोमवारी ती तसे का म्हणाली?"

"तिचे म्हणणे, तुम्हाला तो आहे असे वाटते. तुम्ही मनापासून सांगता, प्रश्न विचारले की घाम पुसत विचार करता. म्हणून मोठ्या मुलांनी ठरवले की काकांना सांगायचे नाही, त्यांना वाईट वाटेल. सोमवारी त्यांना वाटले, शाळेत कोणीतरी तुम्हाला बोलले, म्हणून तुम्ही नाराज होऊन टपोबा नाही म्हणालात."

सगुणने दाराच्या दांडीला धरले. आपल्याला हसू येते आहे की राग, ते त्याला नक्की ठरवता येईना. "आणि भाजी?"

"भाजी त्यांना नकोच होती."

"मग हात का आत ठेवतात?" सगुणने विचारले. हा प्रश्न त्याला सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता. "टपोबा नाही हे माहीत आसा तर?"

"तेही विचारले," सुप्रिया म्हणाली. "तर म्हणाली, त्या दिवशी काका आमच्यासमोर उभे राहिले ना, ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मोठा माणूस एवढा घाबरलेला आम्ही कधी पाहिला नव्हता."

सगुण रस्त्याकडे पाहत राहिला. समोरच्या कुंपणावर जास्वंद फुलली होती.

"माझी पंचाईत अशी आहे," सुप्रिया पुढे म्हणाली, "की मला खोटे बोलता येत नाही. कोणी विचारले तर मी टपोबा नाही असेच सांगणार."

"तुम्हाला कोण विचारणार, बाय?" सगुण म्हणाला. "आणि गौरेशाचे काय करायचे?"

"त्याबद्दल मुलांची सभा झाली आहे. वाढदिवस झाला की सांगू म्हणतात. तोपर्यंत लहान आहे, असू दे." एवढे सांगून सुप्रियाला स्वतःलाच हसू फुटले. ते दाबत ती घड्याळ पाहून लगबगीने निघून गेली.

मुले आली. शेवंताने एकेकाला आत चढवले आणि पत्र्यावर थाप मारली. बस निघाली. पहिले वळण गेल्यावर ऋतिका आपल्या जागेवरून उठली आणि सगुणच्या सीटमागे येऊन उभी राहिली. काकांची मर्जी आज कशी आहे ते तिला पाहायचे असावे.

"काका," तिने जपून विचारले, "आज तो बरा आहे ना?"

सगुणने आरशात पाहिले. मागे पंचवीस चेहरे त्याच्या उत्तराची वाट पाहत होते. त्यांतले चोवीस त्याच्या काळजीने, आणि एकटा गौरेश टपोबाच्या.

"बरा आसा," सगुण म्हणाला. "पण दुधी नको म्हणतो."

मुलांना हायसे वाटले. ऋतिका जागेवर जाऊन बसली आणि तिने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितले. डब्यातल्या दुध्याचे आता काय करायचे, यावर मागे हलक्या आवाजात चर्चा सुरू झाली.