लीलाकाकूंचा धागा

गेल्या वर्षी सीतादहीला लीलाकाकूंच्या हातातला धागा तुटला.

आमच्या राळेगावकडे कापसाच्या पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवतात. मग घरची बाई पहिलं बोंड वेचते, त्याच कापसाचा धागा ओढते आणि एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत नेते. तो तुटू नये, असं मानतात. धागा पोचेपर्यंत कुणी वेचत नाही.

काकूंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. डावा हात कमरेच्या वर जाईना. त्यांनी हिसका दिला. धागा तुटला. मग धाकट्या जाऊबाईंनी, इंदूबाईंनी, दुसरा ओढला. काकू महिनाभर शेतात गेल्या नाहीत.

मी शेजारची सुरभी. मराठीत एम.ए. केलंय, नोकरी शोधतेय. वेळ होता, स्कूटी होती. दर मंगळवारी मी काकूंना यवतमाळला न्यायला लागले. तिथे निशिगंधा मॅडम कॅन्सरमधून उठलेल्या बायकांना 'ताई ची' शिकवतात. चीनमधला जुना व्यायाम. पाय रोवायचे आणि श्वासाबरोबर हात अगदी सावकाश फिरवायचे.

पहिल्या दिवशी काकूंनी सगळं दोन मिनिटांत उरकलं.

"झालं माह्यं."

"काकू, घाई नको," मॅडम म्हणाल्या.

"वेचणीत मागं पडली तं बाया हसतात व पोरी."

"इथे मागे राहील तिचा पहिला नंबर."

काकूंना ते दोन महिने पटलं नाही. दोन हातांत ढग धरलाय असं समजा, असं मॅडम सांगायच्या.

"मले ढग-बिग दिसत नाही. कापसाचं गाठोडं चालते काय?"

"चालेल. पण हलकं."

तेव्हापासून काकू रोज सकाळी अंगणात गाठोडं धरून उभ्या राहू लागल्या. त्यांचे यजमान किसनकाका चहा पीत बघायचे.

"काय माश्या हाकलून राह्यली?"

"तुमालेच हाकलून राह्यली. सरका."

डावा हात जिथवर पोचेल तिथे त्या दाराच्या चौकटीवर एक टिकली चिकटवायच्या. पोळ्याला टिकली खांद्याच्या वर गेली.

यंदा सीतादहीच्या आदल्या दिवशी काका म्हणाले, "धागा इंदूले ओढू दे."

"काहून?" काकूंनी विचारलं. काका चहाचा कप घेऊन आत गेले.

सकाळी आम्ही शेतात गेलो. काकूंनी बोंड वेचलं. पाय थोडे फाकवून रोवले. कापूस चिमटीत पिळत डावा हात दूर नेऊ लागल्या. मी दहीभाताचं पातेलं धरून उभी होते. हे मी शंभरदा अंगणात पाहिलं होतं. हात कमरेपाशी आला. तिथे थांबला नाही. धागा केसासारखा बारीक झाला. दहा बाया वेचणीची फडकी कमरेला बांधून खोळंबल्या होत्या.

"अशी ओढत राह्यली तं संक्रांत येईन व बाई," इंदूबाई म्हणाल्या.

"येऊ दे," काकू मान न वळवता म्हणाल्या. "मी हाओ ना."

हात खांद्याच्या वर गेला. धागा पलीकडच्या फांदीला टेकला. काकूंनी त्याला एक वेढा दिला, मग दुसरा. मग इंदूबाईंकडे बघितलं.

"आता कर घाई."