अर्ध्या पगाराचे सर

"पगार मिळतो मला," असं म्हणून ते तुमची वस्तू दोन्ही हातांनी तुमच्याकडेच परत सरकवायचे. वस्तू कोणतीही असो. मशीनमधली कॉफी, कुणाच्या वाढदिवसाचा केक, दिवाळीतला चिवड्याचा डबा. आणि सरकवताना चेहऱ्यावर इतकं आर्जव, की आपणच त्यांच्याकडून काहीतरी हिसकावून घेतोय असं वाटावं.

आता गंमत अशी, की त्यांचा पगार मला ठाऊक होता. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या पलीकडे, मक्याची शेतं संपून पार्किंग लॉट सुरू होतात तिथल्या एका साध्या कम्युनिटी कॉलेजात मी पगाराच्या विभागात कामाला होते. ते तिथे इतिहास शिकवायचे, अर्धवेळ. अर्धवेळ म्हणजे जेवढे वर्ग तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि आरोग्यविमा मुळीच नाही. अशी तीन कॉलेजं ते करायचे. म्हणजे तीन अर्धवेळ मिळून दीड माणसाचं काम आणि पाऊण माणसाचा पगार. हे गणित मी त्यांना एकदा ऐकवलं, तर खो खो हसले.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. सत्तरच्या दशकात नागपूरहून पीएचडीला आलेला. बरोबरचे डॉक्टर, इंजिनियर मोठमोठ्या घरांत राहायला गेले, हा दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्येच राहिला. गणपतीत भेटला की आपण "काका, एकदा घरी या हं" म्हणतो आणि पत्ता द्यायचा राहून जातो. मी त्यांना सर म्हणायचे. ते मला ताई म्हणत, वयाने मी बरीच लहान असूनही.

त्यांची गाडी हीच त्यांची कचेरी. मागच्या सीटवर पेपरांचे गठ्ठे, बर्फातले बूट, चहाचा थर्मास आणि एक जादा टाय. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाताना सिग्नलला चहा प्यायचे. "ताई, साहेबाला शामियाना होता, मला टोयोटा आहे," म्हणायचे.

साहेब म्हणजे कंपनी सरकारचा साहेब. त्यांचा पीएचडीचा विषयच तो, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांचे पगार. मला आधी वाटलं, काय हा रुक्ष विषय! पगाराचं काम करून करून माझा जीव आधीच मेटाकुटीला आलेला. पण ते सांगायला लागले की ऐकत राहावंसं वाटायचं. सुरुवातीला कंपनी आपल्या गोऱ्या नोकरांना इतका फुटकळ पगार द्यायची, की त्यात त्यांचं भागायचं नाही. मग ते चोरून व्यापार करायचे, नजराणे उकळायचे. सगळा कारभार नासला, तेव्हा शहाणपण सुचलं. पगार घसघशीत वाढवले, व्यापार बंद, नजराणे बंद.

"आणि खरंच सुधारले हो," सर म्हणायचे. "माणसाला आधी पोटभर द्यावं, मग त्याच्याकडे इमान मागावं."

"आणि आपले कारकून?" मी विचारलं.

"त्यांना वगळलं. मोठ्या जागा त्यांना बंद, पगार होता तोच. आणि वर म्हणायचं, नेटिव्ह लाच खातो!" इतक्या जुन्या गोष्टीचा कुणाला इतका ताजा राग येतो हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

स्वतःपुरती मात्र त्यांनी सुधारणा केव्हाच करून टाकली होती. पगार वाढला नव्हता, पण नजराणे बंद. एकदा गोदामात काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या आईने त्यांच्यासाठी मफलर विणून पाठवला. शिकागोचा जानेवारी, कान गळून पडावेत असा वारा, आणि ह्यांनी मफलर परत केला. तो बिचारा माझ्या खिडकीशी येऊन विचारतो, "डिड आय ऑफेंड हिम?" त्याला कंपनी सरकार कसं समजावणार? म्हटलं, नाही रे बाबा, त्यांचा स्वभावच तसा आहे. तर म्हणाला, हो, त्यांनी मला वीस मिनिटं नजराणा म्हणजे काय ते समजावलं, आय थिंक इट विल बी ऑन द टेस्ट.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण काकूंचे, म्हणजे सरांच्या बायकोचे, गुडघे होते. दोन्ही गेलेले. अपार्टमेंटला लिफ्ट नाही. बाहेर जायचं असलं की सर त्यांचे दोन्ही हात धरून स्वतः उलटे जिना उतरायचे, एकेक पायरी. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन करा. इथे विम्याशिवाय ऑपरेशन म्हणजे घर विकायची पाळी, आणि घर तर भाड्याचं. पासष्टी गाठेपर्यंत सरकारी विमाही नाही. भारतात जाऊन करावं, तर मधे एक सत्र सोडलं की वर्ग दुसऱ्याला जाणार, परत मिळायची खात्री नाही. सर पूर्णवेळ झाले असते तर सगळं सुटलं असतं. इतकं ते सरळ होतं.

आणि तशी वेळ आली हो! २००७ साली कॉलेजात नवीन प्रेसिडेंट आले आणि त्यांनी पगार सुधारण्यासाठी समिती नेमली. अर्धवेळ शिक्षकांतून एक माणूस हवा होता, सरांना घेतलं. तो जादा टाय त्या दिवशी गळ्यात आला. बैठकीचं टिपण करायला मी होतेच. सर उभे राहिले आणि त्यांनी कंपनी सरकार काढलं. मी मनात म्हटलं, मेले. पण सगळे कान देऊन ऐकत होते. तुकड्या-तुकड्यांनी माणसं ठेवू नका, ते म्हणाले. चार अर्धी माणसं ठेवण्यापेक्षा एक पूर्ण ठेवा, त्याला पूर्ण पगार द्या, विमा द्या, आणि मग त्याच्याकडून हवं तेवढं काम मागा. टाळ्या पडल्या. समितीच्या बैठकीत टाळ्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या आणि नंतरही नाहीत.

शिफारस मंजूर झाली. इतिहासाचे सुटे वर्ग एकत्र करून एक पूर्णवेळ जागा निघाली. सगळे सरांना आधीच अभिनंदन म्हणायला लागले. मी घरी देवापुढे साखर ठेवली.

अर्जाची मुदत संपत आली तरी सरांचा अर्ज दिसेना. मी थेट घरीच गेले. सर पेपर तपासत होते, काकू स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसून पोळ्या लाटत होत्या.

"सर, अर्ज?"

"नाही करणार ताई."

"अहो, का?"

"ती जागा मीच काढायला लावली. पान मीच मांडायचं आणि पहिला मीच जेवायला बसायचं?"

"मी एचआरला विचारलंय. समितीचं काम संपलं, त्यांची काहीएक हरकत नाही."

"त्यांची नसेल." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मी तिथे जे बोललो ते सगळं ह्या जागेसाठी बोललो, असा त्याचा अर्थ होईल. मग त्या बोलण्याला किंमत काय राहिली?"

"चुलीत घाला ती किंमत!" मी ओरडलेच. "काकूंचे गुडघे दिसत नाहीत तुम्हाला?"

आत लाटणं थांबलं नाही. सर त्या आवाजाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिसतात ना. रोज दिसतात." त्यांनी चहा केला आणि मी तो प्यायले.

निघताना काकू भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "चिडू नको ग. लग्नात ह्यांनी घड्याळसुद्धा घेतलं नव्हतं. माझे बाबा केवढे खूश झाले होते. तेव्हा मलाही फार आवडलं होतं."

तेव्हा, असं म्हणाल्या त्या. मी गाडीत बसून रडले. मला सरांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो. असल्या माणसांना आपण हार घालतो, पण त्यांचा जिना दुसरंच कुणीतरी उतरत असतं.

जागेवर एक तरुण मुलगी आली. हुशार, मनमिळाऊ, शिकवायचीही छान. तिला नावं ठेवायचीही सोय नव्हती. सुटे वर्ग तिच्याकडे गेले, म्हणजे सरांचे गेले. २००८ च्या मंदीत बाकीच्या दोन कॉलेजांनीही हात आखडता घेतला. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

शेवटचा चेक न्यायला आले तेव्हा माझ्या खिडकीशी उभं राहून म्हणाले, "सुधारणा चांगली झाली ताई. त्या मुलीला विमा मिळाला ना?"

मला आधी वाटलं, टोमणा मारताहेत. मान वर करून पाहिलं, तर खरंच विचारत होते. म्हटलं, मिळाला सर.

"छान. आता ती मन लावून शिकवेल."

महिनाभरात गाडी विकून, पुस्तकं लायब्ररीला देऊन दोघं नागपूरला परत गेली. वर्ग सोडायची भीती आता उरलीच नव्हती, त्यामुळे काकूंचं ऑपरेशन तिथे लगेच झालं. पुढच्या डिसेंबरात मी फोन केला. काकूंनीच उचलला, आणि त्यांचा आवाज इतका टवटवीत होता की मी क्षणभर ओळखलाच नाही.

"चालते ग मी! दोन्ही गुडघे एकदम छान. सकाळी बागेला चकरा मारते, भाजीसुद्धा मीच आणते."

"आणि सर? तेही येतात का फिरायला?"

"ते नाही येत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून तयार होतात. मी विचारते, कुठे निघालात? म्हणतात, कुठे नाही. आणि खुर्चीत बसून राहतात. जेवायला हाक मारली की बूट काढतात."