शिगेचा पाऊस

पाऊस मोजायचं नळकांडं माझ्या अंगणात बसवलं, इथंच पहिली चूक झाली. पंचक्रोशीत माझ्याएवढा थापाड्या दुसरा नाही. आमच्या मळ्यातली विहीर इतकी खोल, की सोमवारी सोडलेली बादली गुरुवारी पाण्याला टेकते, हे मी पाहुण्यांना शपथेवर सांगत आलोय. एका वादळात गोठ्याचे पत्रे उडून शिरड शहापूरला गेले आणि चौथ्या दिवशी उलट्या वाऱ्यानं परत येऊन आपापल्या खिळ्यांवर बसले, हेही माझंच. पण आमच्या कंपनीला झाडाझुडपाची आडकाठी नसलेलं अंगण पाहिजे होतं, आणि तसं उघडंबोडकं अंगण गावात माझंच. कंपनी म्हणजे दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली; तिचं बियाण्याचं आणि पावसाचं काम माझ्याकडे.

ह्या कामानं मी पार थकून गेलो होतो. बदलत्या हवामानाला धरून शेती, असं लिहिलेला सरकारी प्रकल्पाचा फलक मीच वाहायचो, मीच बांधायचो, मीच सोडायचो. बैठक, फोटो, सही, चहा, की पुन्हा बैठक. मोटारसायकलवर एवढा हिंडलो, की सावलीला माझं हिंडणं झेपेना. ती कळमनुरीच्या फाट्यावर बसून राहायची आणि परतताना मी तिला मागं घेऊन यायचो. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि घरी जाऊन आजानं केलं तसंच करायचे. त्यांचं तरी काय चुकलं? बादली चार दिवस खाली सोडणाऱ्या माणसाच्या तोंडून रुंद वरंब्यावर पेरायची गोष्ट कोण खरी मानणार.

खरी मानली एकीनं. तांड्यावरची, साठीतली, तीन एकराची मालकीण. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला बापू. सोयाबीनचं घरचं बियाणं राखायचं कसब तिच्या हातात होतं. बियाण्याचं पोतं ती कधी आपटू द्यायची नाही; सोयाबीनचं टरफल नाजूक, आपटलं की उगवत नाही. पोतं उचलायला दोन माणसं लावायची आणि बाळंतिणीला उतरवावं तसं उतरवायची. त्या उन्हाळ्यात तिनं ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले, मोड मोजले आणि दोन पोती बाजूला काढली. दोन एकरांत ती पेरायची आणि त्यातून कंपनीतल्या सगळ्यांना पुढच्या सालचं बियाणं करायचं, असं ठरलं. दुसरं बियाणं नव्हतं. ते वाया गेलं की पुन्हा दुकानातल्या पिशव्या, आणि त्या उगवतील का नाही ते नशिबावर.

"पेरू कधी ते तू सांग," मावशी म्हणाली.

"माझ्यावर एवढा भरवसा?"

"तुझ्यावर न्हाई रे बापू. तुझ्या दारातल्या नळकांड्यावर. त्याला तोंड न्हाई, ते थापा मारत न्हाई."

कंपनीचा नियम साधा होता. शंभर मिलिमीटर भरल्याशिवाय पेरायचं नाही. रोज सकाळी नळकांड्यातलं पाणी वाचायचं, वहीत लिहायचं आणि सगळ्यांच्या फोनवर टाकायचं.

आता इथं मला माझी एक खोड सांगितली पाहिजे, आणि ती एकट्या माझी नाही. पायलीनं धान्य मोजताना काठाच्या वर जो ढीग उभा राहतो ती शीग. आमच्याकडे माप द्यायचं ते शिगेनं. हात फिरवून सपाट माप देणाऱ्याच्या घरात लोक सोयरीक जुळवत नाहीत, पाणी प्यायलासुद्धा दोनदा विचार करतात. माझी आई शेजारणीला वाटीभर साखर द्यायची तेव्हा घरापासून शेजारापर्यंत मुंग्यांची वाट पडायची. तर पहिल्या सकाळी नळकांड्यात आठ भरले. आठ लिहायला हात धजेना. मी दहा लिहिले. दुसऱ्या पावसाला सतरा होते, वीस लिहिले. तेराचे पंधरा, एकवीसचे पंचवीस, अकराचे पंधरा, बाराचे पंधरा. खोटं लिहितोय असं एकदाही मनात आलं नाही. देवानं दिलं, मी वर शीग ठेवली.

शंभर भरले. मी फोनवर टाकलं, आणि फोन न बघणाऱ्यांसाठी पारावर उभं राहून ओरडलो. माझा आवाज त्या दिवशी नरसीच्या देवळात ऐकू गेला आणि पुजाऱ्यानं उलट घंटा वाजवली. मावशीनं मला थांबवून विचारलं, "शंभर बराबर?"

"बराबर."

कंपनीचं पेरणी यंत्र एकच. मधे रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी पाडत पेरणारं. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं, कमी झाला तर वरंबा ओल धरून ठेवतो. बियाण्याचं शेत म्हणून पहिला नंबर मावशीचा. सकाळी ट्रॅक्टर तिच्या वावरात उतरला आणि त्याच सकाळी हिंगोलीहून प्रकल्पाच्या मॅडम वही तपासायला माझ्या ओट्यावर आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या. पानावरून बोट फिरवत म्हणाल्या, "काका, सगळे आकडे पाच नाहीतर दहाचेच कसे? पाऊस काय पाढे म्हणत पडतो का तुमच्याकडं?"

मी हसलो. मग हसू अर्ध्यातच थांबलं. खरे आकडे मला पाठ होते; खोटं नीट सांगायचं तर खरं पाठ लागतं, तेवढा अभ्यास माझा आहे. मनात बेरीज केली. ब्याऐंशी.

वावर दोन कोस नाही, पण मला ते त्या दिवशी हैदराबादपर्यंत वाटलं. वाटेत तीनदा मनात आलं, गप राहावं. उद्या-परवा पाऊस आला तर कोणाला कळतंय. पण आयुष्यभर वाढवून सांगून-सांगून तोंड दुखायला आलं होतं. पोचलो तेव्हा एक एकर पेरून झाला होता.

"मावशी, ट्रॅक्टर थांबव. शंभर न्हाईत. ब्याऐंशी हायत."

"बाकीचे अठरा कुठं गेले?"

"शीग होती ती. रोजची थोडी थोडी."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वाकून मातीत बोट खुपसलं. ते अर्ध्यावर कोरड्यात अडलं. तिनं ट्रॅक्टरवाल्याला हात केला आणि यंत्राच्या पेटीतलं उरलेलं बियाणं पोत्यात काढून घ्यायला लावलं.

"काहून आलास सांगायला?" ती म्हणाली. "गप राहिला असतास तर म्या आभाळाला शिव्या दिल्या असत्या."

"थकलो मावशी."

"आता थकशील," ती म्हणाली.

पुढं बारा दिवस आभाळ कोरडं राहिलं. वरंब्यांनी होती ती ओल जिवापाड धरली म्हणून पेरलेल्यातलं निम्मं तरी उगवलं. बाकी म्हाताऱ्याच्या दातासारखं, इथं एक, तिथं दोन. पाऊस आल्यावर मावशीनं मला नांग्या भरायला बोलावलं. नांग्या म्हणजे न उगवलेल्या जागा. तिथं एकेक दाणा हातानं टोकायचा. चार दिवस मी वाकून होतो. पाचव्या दिवशी उभा राहिलो तरी पाठीला ते कळलं नाही, ती अजून वाकलेलीच आहे. नांग्यांना बियाणं गेल्यामुळं दुसऱ्या एकराला ते पुरलं नाही. त्याच्या कडेच्या तुकड्यात तिनं तूर टाकली.

त्यानंतर मी आठ असले तर आठच लिहितो. हात जड होतो, पण लिहितो. एका सकाळी त्र्याण्णव भरले. खरोखरचे त्र्याण्णव. गावात एकानंही मानलं नाही. "शीग काढून सांगा," म्हणाले. मावशी तेवढी तांड्यावरून चालत आली, डोळ्यांवर हात धरून नळकांड्यात बघितलं आणि परत गेली.

दिवाळीनंतर बियाणं वाटायला आम्ही तिच्या ओसरीवर जमलो. ठरलं होतं त्याहून पोती कमी होती. पहिला माणूस पिशवी उघडून बसला. मावशीनं पायली भरली, वर नेहमीसारखी टोकदार शीग उभी राहिली. तिनं सगळ्या जन्मात माप तसंच दिलं होतं. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं तळहात फिरवला आणि शीग परत पोत्यात पाडली.

पिशवीवाला माणूस मापाकडं बघत राहिला.

"सगळ्यांना पुरवायचं हाय," मावशी म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी पिशव्यांची तोंडं बांधत राहिलो.