तिसऱ्या मजल्यावरची खिंड

इथे परदेशात, टूनगॅबीच्या आमच्या बिल्डिंगमधले वयस्कर शेजारी लॉकडाऊनमध्ये रोज सॅकमध्ये दहा किलो तांदूळ भरून जिने चढायचे. इंका लोकांच्या जुन्या डोंगरवाटेने माचूपिचूचे अवशेष पाहायला जायचं त्यांचं बुकिंग रद्द झालं होतं. तरी सराव मोडला नाही. तिसऱ्या मजल्यावर, माझ्या दाराशी, ते धापा टाकत त्या वाटेवरच्या सर्वांत उंच जागेचं नाव घ्यायचे, "मेलेल्या बाईची खिंड आली, मेट. खरंच असं नाव आहे तिचं."

त्याच दिवसांत पुण्यात माझी आई गेली. सीमा बंद होत्या, म्हणून अंत्यविधी मी फोनवरच पाहिला.

दुसऱ्या दिवशी, बातमी त्यांच्या कानावर गेली होती म्हणून, त्यांनी खिंडीचं नाव घेतलं नाही. सॅक उतरवून दीड मीटरवरच्या पायरीवर बसले.

"आईंबद्दल सांग. मला घाई नाही."

मी आत जाऊन चहा ठेवला. ते तरीही उठले नाहीत.