पालकांच्या सोफ्यावर

आता हसायचं तर हसा, पण नोकरी मागायला गेलेला माणूस स्वतःचाच बाप होऊन परत आला, असं कधी ऐकलंय का तुम्ही?

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा. कारखान्यातला आमचा कॉम्प्युटर विभाग बंद होऊन आठ महिने झालेले. जिथे अर्ज करावा तिथून एकच उत्तर, 'तरुण टीम हवी आहे.' आणि अचानक हिंजवडीहून मुलाखतीचं बोलावणं! बायकोने इस्त्रीच्या शर्टाला पुन्हा इस्त्री केली.

काय तो काचेचा हॉल! थंडगार. काचेवरून ढग सावकाश सरकत होते, आणि त्यांच्याबरोबर मीही सरकायला लागलो. गळ्यात कार्ड, खिडकीजवळचं टेबल, संध्याकाळी कंपनीच्या बसमधून कर्वेनगरला उतरणारा मी... अहाहा!

"काका, पालक तिकडे," गार्ड म्हणाला.

तंद्रीत मी गेलोसुद्धा! मुलांना मुलाखतीला घेऊन आलेले आईबाप तिथे सोफ्यावर बसले होते. लगेच चहा आला. आता कप हातात घेतल्यावर कुठल्या तोंडाने सांगायचं, की मी पालक नाही, उमेदवार आहे?

शेजारी अमरावतीचे एक गृहस्थ होते. "तुमच्या पोराले अनुभव आहे काय जी?"

"बावीस वर्षं."

"आँ? पोराले?"

"म्हणजे... वय हो, वय!"

झालं! मग पोराला नावही द्यावं लागलं. घाईत माझंच दिलं. शिक्षण माझं, हुशारी माझी. खोटं कशाला बोलू, इतका गुणी मुलगा बघून माझाच ऊर भरून आला. मी पुन्हा ढगांत.

तेवढ्यात पांढऱ्या केसांच्या एक बाई हातात कागद घेऊन आल्या आणि इकडेतिकडे पाहू लागल्या. मी सरकून जागा दिली. "बसा ताई. मुलगा की मुलगी? आपल्या वयाच्या माणसांना इथे फक्त चहा मिळतो."

"अहो, मी मुलाखती घेते इथे," त्या म्हणाल्या. "एक अठ्ठेचाळीस वर्षांचे गृहस्थ यायचेत. वय बघून सगळे नको म्हणत होते, मी भांडून बोलावलंय त्यांना." आणि त्यांनी कागदावरचं नाव वाचलं. माझं!

मी तोंड उघडायच्या आत अमरावतीकर नाव ऐकताच माझ्याकडे बोट दाखवत आनंदाने ओरडले, "अरे, हा तं ह्यायचाच पोरगा!"

सगळा सोफा माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगायची हीच वेळ होती ना? मी मान डोलावली!

बाईंनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अठ्ठेचाळीस वर्षांचा मुलगा? तब्येत छान ठेवलीत हो आपण." आणि नावावर काट मारून त्या आत निघून गेल्या.

वयामुळे नाकारलं, असं घरी सांगायचीही सोय उरली नाही.