बॅटरीवाल्याचं इंग्रजी

माझ्या भाऊजींना इंग्रजी येतं हे मी कधीच मान्य केलं नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे असे निकाल द्यायचा अधिकार आपल्याकडे आहे अशी माझी समजूत होती. ताईचे यजमान बॅटऱ्यांचं दुकान चालवतात. दोन बाकं, एक चार्जर, भिंतीला टेकवून ठेवलेल्या निकामी बॅटऱ्यांची रांग आणि अॅसिडनं भोकं पडलेला शर्ट घातलेले भाऊजी, एवढाच त्या दुकानाचा पसारा. सगळा रस्ता त्यांना बॅटरीवाला म्हणतो. मला ते मास्तर म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांचं इंग्रजी म्हणजे पंधरावीस शब्द. चार्ज, डिस्चार्ज, सेल, प्लेट, लोड, टर्मिनल, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह. आमच्या परीक्षेत एक हमखास प्रश्न असतो, दिलेल्या शब्दाचा दोन वेगळ्या अर्थांनी वाक्यात उपयोग करा. एकदा जेवताना मी त्यांना ऐकवलं की सेल म्हणजे फक्त बॅटरीतला कप्पा नव्हे, तुरुंगातली कोठडीही सेल आणि शरीरातली पेशीही सेल. त्यांनी घास संपवला आणि म्हणाले, "एका शब्दाला इतकी कामं? आमच्याकडे एका वायरला एकच काम. दोन दिली की जळते." ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी मात्र दोन दिवस फुगून बसलो होतो.

कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बॅटरीत सहा सेल असतात. काचेच्या नळीचं एक यंत्र असतं, हायड्रोमीटर. रबरी फुगा दाबून ते एकेका सेलमधलं पाणी वर ओढायचे आणि नळीतला तरंगा कुठे थांबतो ते बघायचे. ज्या सेलमध्ये तरंगा तळाला बसे, तिथे ते यंत्र बाजूला ठेवत आणि गिऱ्हाइकाकडे बघून म्हणत, "सेल गेलाय." त्यावर प्रत्येक गिऱ्हाईक एकच वाक्य बोले, "एकदा चार्जिंगला लावून तर बघा." या वाक्यानं भाऊजींचं डोकं फिरायचं. "लावतो की! सकाळी गाडी सुरू होईल आणि दुपारी भर रस्त्यात बंद पडेल. खोटी आशा लावायचा धंदा मी करत नाही. ही इथेच टाका, नवी घ्या." तीस वर्षं मी हे उत्तर ऐकत आलोय.

पण टर्मिनलचा बिघाड असला की त्यांची कळी खुलायची. टर्मिनल म्हणजे बॅटरीच्या डोक्यावरचे दोन खुंट, जिथे तारा जोडतात. त्यावर पांढरट भुकटी साचली की गाडी मुकी होते आणि माणसाच्या तोंडचं पाणी पळतं. भाऊजी गरम पाणी ओतत, जुन्या टूथब्रशनं घासत, बोटभर ग्रीस लावत. "टर्मिनलचं दुखणं हे काय दुखणं आहे? आत सगळं ठणठणीत आहे," असं सांगून ते माणसाला हसत घरी पाठवायचे.

मग ताईला रक्ताचा आजार निघाला आणि आम्ही हॉस्पिटलच्या वाऱ्या करू लागलो. तिथे भाऊजींचे सगळे शब्द त्यांच्या आधीच जाऊन बसले होते. "मास्तर, प्लेटा झिजल्यात म्हणे तिच्या." मी चिडून सांगितलं, प्लेटा नव्हे, प्लेटलेट. "तेच ते. झिजल्या की बॅटरी चार्ज धरत नाही." एक तपासणी निगेटिव्ह आली, डॉक्टर खूश झाले, आणि हे दिवसभर तोंड पाडून बसले. "नुसती निगेटिव्ह? मग पॉझिटिव्ह कुठेय? एकीवर काही चालत नाही." ताई अंथरुणातून म्हणाली, "तुम्ही दोघं इंग्रजीवरून भांडा, पण आधी मला पाणी द्या."

त्या पहिल्या खेपेला ती सुधारली. नर्स आनंदानं सांगून गेली, "उद्या डिस्चार्ज." भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या दुकानात डिस्चार्ज म्हणजे संपलेली, रिकामी झालेली बॅटरी. मी हसलो. "अहो भाऊजी, इथला अर्थ वेगळा. इथे डिस्चार्ज म्हणजे बरं होऊन घरी जायचं." त्यांचा जीव भांड्यात पडला. हा किस्सा मी शिक्षकांच्या खोलीत मीठमसाला लावून आठवडाभर सांगितला. आज त्याची लाज वाटते.

सात महिन्यांनी ताई परत तिथेच. या वेळी सतराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला वजनकाट्यापाशी बोलावून घेतलं. वयानं माझ्या विद्यार्थिनीएवढी मुलगी. "आता आमच्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही. घरी न्या, घरच्यांत राहू द्या. काही आठवडे आहेत." मी मान हलवली. "त्यांच्या मिस्टरांशी मी बोलले, पण त्यांना समजलंय असं वाटत नाही. तुम्ही इंग्रजी शिकवता ना? मग तुम्हीच त्यांना नीट समजावून सांगा."

मी खोलीत आलो तर भाऊजी खाटेखाली वाकून ताईच्या चपला शोधत होते. चेहरा नुसता फुललेला. "मास्तर, डिस्चार्ज!" मी काही बोलायच्या आत त्यांनी बोट वर करून माझीच नक्कल केली, "इथला अर्थ वेगळा. लक्षात आहे माझ्या."

मला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की काय सांगू. जगात एक माणूस असा होता की ज्याला हा शब्द बरोबर येत होता, आणि मी त्याला चुकीचा शिकवून ठेवला होता. ताईनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी खोटं बोललो की ती असंच बघायची. मग तिनं पाय पुढे केले आणि मला म्हणाली, "आण त्या चपला. घाल मला."

पुढचे चार दिवस मी रोज त्यांच्याकडे गेलो आणि रोज न सांगता परत आलो. एकदा ते तिच्या उशीचे अभ्रे बदलत होते. एकदा त्यांनी तिच्यासाठी खिडकीजवळ खाट सरकवून घेतली होती आणि मला ती दाखवायची होती. चाळीस पोरांना तोच धडा सहा वेळा समजावणारा मी, एका शब्दाचा अर्थ एका माणसाला सांगू शकत नव्हतो. शिव्या घालायला माझ्याशिवाय कुणी सापडतही नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांनीच मला दुकानात बोलावलं. बाकावर हॉस्पिटलचा कागद पसरला होता, त्यावर हायड्रोमीटर ठेवला होता. एका शब्दाखाली पेन्सिलीची रेघ.

"मास्तर, मी आख्खा कागद चाळला. एवढा एकच आपल्या ओळखीचा निघाला. टर्मिनल." ते आनंदात होते. "म्हणजे आत बिघाड नाही. वरवरचं आहे, हो ना?"

मी कागद हातात घेतला.

"तसं लगेच म्हणायची सोय नाही, ठाऊक आहे," ते म्हणाले. "इथला अर्थ वेगळा असणार. सांग की. डिस्चार्जचा सांगितलास तसा."

"भाऊजी..."

"बसचं पण टर्मिनल असतं," ते घाईनं म्हणाले. "तिथून गाड्या सुटतात."

"तिथे संपतात," मी म्हणालो. डॉक्टरीणबाईंनी वापरलेला एकही शब्द माझ्या जिभेवर येत नव्हता. शेवटी मला त्यांचेच शब्द उसने घ्यावे लागले.

"भाऊजी, सेल गेलाय."

त्यांनी हायड्रोमीटर उचलला. फडक्यानं त्याची नळी पुसली, स्वच्छच होती ती, तरी पुन्हा पुसली.

"एकच?"

"सगळे."

ते स्टुलावर बसले. भिंतीशी मांडलेल्या त्या रांगेकडे बराच वेळ बघत होते. त्यातली एकेक बॅटरी त्यांनी स्वतः तपासून, गिऱ्हाइकाच्या तोंडावर खरं सांगून तिथे ठेवली होती. मला वाटलं, आता ते मान हलवतील, त्यांचा धंदाच आहे तो. ते रडले असते तर मी त्यांच्या पाठीवर हात तरी ठेवला असता.

त्यांनी वर पाहिलं. तो चेहरा मी त्या दुकानात शेकडो वेळा पाहिला होता, पण नेहमी बाकाच्या पलीकडच्या बाजूला.

"मास्तर," ते म्हणाले, "एकदा चार्जिंगला लावून तर बघू."

यावर काय म्हणायचं ते मला शब्दन् शब्द पाठ होतं. मी म्हणालो, "हो भाऊजी, बघू."